पाचवं फडकं

भोंगा झाला की वसाहतीतल्या बायका तोंडातलं वाक्य अर्धवट टाकून उठत. कुणाची भाजी चिरायची राहिलेली असो, कुणाची भांडणं रंगात आलेली असोत, भोंगा तो भोंगा. त्यानंतर बरोबर दहा मिनिटांनी मोठ्या भट्टीत माल ओतला जाई, आणि शेडच्या छपरातून तांबूस-काळ्या धुराचा लोट उठून वसाहतीवर उतरे. त्या दहा मिनिटांत दोरीवरचे कपडे आत, खिडक्या बंद आणि उघड्या तोंडाचं जे भांडं दिसेल त्यावर फडकं. सकाळी साडेसहाला एकदा, संध्याकाळी साडेपाचला एकदा. तासाभरानं धूर विरला की फडकी काढायची, झटकायची, धुवायची.

काकू हे एकेचाळीस वर्षं करत आल्या होत्या. लग्न होऊन आल्या त्याच आठवड्यात शेजारणीनं त्यांना पहिलं फडकं दिलं होतं. ‘‘साड्या मागाहून घे,’’ ती म्हणाली होती, ‘‘आधी ही घे.’’ तेव्हा काकूंना हसू आलं होतं. तेव्हा सगळ्याचंच हसू येई. रात्री भट्टीचं तोंड उघडलं की अख्खं आभाळ लालभडक होई, आणि काकूंनी माहेरी पत्रात लिहिलं होतं की आमच्या गावात सूर्य दोनदा मावळतो. उंबऱ्यावर धूळ दिसली की बरं वाटायचं. धूळ म्हणजे भट्टी चालू, भट्टी चालू म्हणजे घरची चूल चालू. एका वर्षी तीन महिने कारखाना बंद होता. आभाळ असं निळंशार झालं की लांबचे डोंगर दिसू लागले, आणि त्या डोंगरांकडे बघत बायका डब्यातले तांदूळ मोजून काढत. ज्या दिवशी पुन्हा धूर निघाला त्या दिवशी काकूंच्या यजमानांनी गच्चीवर उभं राहून तो डोळे भरून पाहिला होता. त्यांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. छातीनंच गेले. शेवटी शेवटी तर त्यांच्या रुमालाकडे बघवत नसे.

आता काकू तिसऱ्या मजल्यावर, वरच्या टोकाच्या खोल्यांत, मुलगा, सून आणि आठ वर्षांच्या नातीबरोबर राहत होत्या. दारासमोरच गच्ची. गच्चीवर पाण्याचं पिंप, धान्य वाळत घातलेली परात, धुण्याची बादली आणि कोरफडीची कुंडी, अशी चार उघडी तोंडं. त्या कुंडीवरसुद्धा काकू फडकं घालत.

‘‘काकू, कोरफडीलाही टोपडं?’’ खालच्या मजल्यावरची बातमीवाली वहिनी जिन्यातून ओरडून विचारी. वसाहतीतली एकही गोष्ट तिच्या कानावरून गेल्याशिवाय जुनी होत नसे, म्हणून तिला सगळे बातमीवालीच म्हणत.

‘‘तुझ्या तोंडाला घालता येत नाही ना, म्हणून तिला घालते,’’ काकू म्हणत.

त्या गच्चीवर एक दिवस पाचवं भांडं आलं.

ते आणलं ते सुनेच्या खटपटीमुळे. सून दवाखान्यात कामाला होती. दिवसभर लोकांची छाती तपासायच्या रांगा लावून ती घरी यायची, आणि घरी पोरगी धापा टाकत असायची. नातीची छाती म्हणजे जुनी बाजाची पेटी झाली होती. झोपेतही सूर निघत. डॉक्टरांनी गेल्या हिवाळ्यात स्पष्टच सांगितलं होतं, की आणखी एक हिवाळा या हवेत काढू नका, दुसऱ्या गावी कुणी असेल तर तिकडे ठेवा. दुसऱ्या गावी सुनेची बहीण होती. पोरीच्या मावशीनं खोलीसुद्धा रिकामी करून ठेवली होती.

सुनेनं मात्र वेगळंच मनात घेतलं. तिनं दारोदार फिरून तीनशे बारा सह्या गोळा केल्या आणि हवा तपासणाऱ्या कचेरीत अर्ज दिला. एका महिन्यात पडणारी धूळ मोजा, म्हणाली. ती ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाली तर कारखान्याला भट्टीवर छत्र बसवावं लागेल. पत्र्याचं मोठं छत्र, धूर तिथल्या तिथे ओढून घेणारं.

‘‘म्हणजे झाकणच की,’’ काकू म्हणाल्या होत्या.

‘‘झाकणच, आई. आपण चाळीस वर्षं घरातली भांडी झाकतोय. झाकायचं ते भांडं तिकडे आहे.’’

मुलाला हे पटत नव्हतं. तो भट्टीच्याच शेडमध्ये क्रेन चालवी. ‘‘छत्राचा खर्च बघितला की मालक भट्टीच बंद करतील,’’ तो जेवताना ताटाकडे बघत म्हणे. ‘‘मागची छोटी भट्टी कशी गेली? मग बसा शुद्ध हवा खात.’’

‘‘पोरीला मावशीकडे धाडून तुम्ही खा हो जेवण गोड करून,’’ सून म्हणे, आणि ताटं उचलू लागे.

कचेरीतून धुळीचे नमुने घेणारा नमुनेवाला आला तो पन्नाशीचा, खांदे पडलेला, जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबणारा माणूस. त्यानं गच्चीच्या मधोमध तीन पायांचं लोखंडी तिकाटणं उभं केलं आणि त्यावर एक रुंद तोंडाची, पांढरी, घागरीएवढी बरणी बसवली. आत थोडं पाणी. पक्षी बसू नयेत म्हणून वर तारेचं कडं.

‘‘तीस दिवस हिला हात लावायचा नाही,’’ तो म्हणाला. ‘‘हलवायची नाही, पुसायची नाही. जे पडायचं ते आपोआप पडू दे. गच्चीची किल्ली कुणाकडे?’’

‘‘माझ्याकडे,’’ काकू म्हणाल्या.

‘‘मग आता ही तुमच्या भरवशावर.’’

‘‘एकेचाळीस वर्षं घर सांभाळलंय, बरणी नाही का सांभाळणार,’’ काकू म्हणाल्या, आणि खरोखरच त्यांनी ती डोळ्यांत तेल घालून सांभाळली. खालची पोरं पतंगासाठी वर येऊ लागली तर त्यांना पिटाळलं. कारखान्यातला एक मुकादम उगाचच ‘‘गच्ची बघू का, गळते का?’’ म्हणत आला, त्याला जिन्यातूनच परत लावलं. तीस दिवसांत बरणीला त्यांनी एक बोट लावलं नाही. ते त्या देवाशपथ सांगू शकल्या असत्या.

तीस दिवसांनी नमुनेवाला आला. दवाखान्यातून अर्धी रजा घेऊन सूनही हजर होती. त्यानं बरणी खाली उतरवली, उजेडाकडे तिरकी धरली, डोळे बारीक केले, मग पुन्हा एकदा धरली.

‘‘कमी दिसतेय,’’ तो म्हणाला.

‘‘कमी म्हणजे?’’ सुनेनं विचारलं.

‘‘तोललं की कळेल. पण वीस वर्षं धूळ मोजतोय, नजरेलाही थोडं कळतं. मला वाटलं होतं त्याच्या अर्धीही नाही. बरंच आहे की, हवा सुधारली म्हणायची.’’

त्यानं झाकण लावलं, चिठ्ठी चिकटवली, सुनेची सही घेतली आणि जिना उतरून गेला. आठ दिवसांत आकडा येईल, म्हणाला. तिकाटणं नंतर नेतो, म्हणाला.

सून बराच वेळ रिकाम्या तिकाटण्याकडे बघत उभी राहिली. मग आत गेली आणि माळ्यावरून नातीची बॅग काढून तिची चेन चालते का ते बघू लागली. चेन अडकत होती. तिनं ती मेणबत्ती घासून चालती केली.  पोरीला मावशीकडे धाडायचं ठरलं, हे काकूंना त्या चेनच्या आवाजावरून कळलं.

संध्याकाळी भोंगा झाला. काकूंनी खुंटीवरची फडक्यांची घडी काढली आणि गच्चीवर गेल्या. एक पिंपावर. एक परातीवर. एक बादलीवर. एक कुंडीवर. मग त्यांचे पाय चालतच राहिले, आणि त्या तिकाटण्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

हातात एक फडकं होतं.

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. निळ्या चौकटीच्या जुन्या चादरीचा तुकडा. चारही बाजूंनी दुमडून टीप मारलेली. टीप त्यांचीच होती, थोडी तिरकी, डोळा अधू झाल्यापासून त्यांची टीप अशीच जाई. कधी मारली? बरणी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या मशीनवर बसल्या होत्या खऱ्या. नातीच्या झग्याचा काठ उसवला होता तो शिवायला. मनात काय होतं ते आठवत होतं, पोरीच्या खोकल्याचंच होतं. हात काय करत होते ते आठवत नव्हतं. चार भांडी होती तेव्हा चार फडकी होती. पाचवं भांडं आलं, हातांनी पाचवं शिवलं.

आणि तीस दिवस, दिवसातून दोनदा, धूर येण्याआधी ते तारेच्या कड्यावर घातलं, आणि धूर गेला की काढलं. बरणीला बोटही न लावता.

कुणी पाहिलं नव्हतं. सून सकाळी चुलीपाशी, संध्याकाळी दवाखान्यात, मुलगा पाळीवर नाहीतर झोपेत, नात बंद खिडकीच्या आत. आणि वसाहतीतल्या बाकीच्या बायका आपापली भांडी झाकण्यात गुंतलेल्या. पाहिलं असतं तरी कुणाला काही वाटलं नसतं. उघड्या तोंडाच्या भांड्यावर फडकं, त्यात बघायचं काय?

धूर आला. काकू फडकं हातात धरून तशाच उभ्या होत्या. केसांवर, पापण्यांवर बारीक कचकच बसू लागली तेव्हा त्या आत आल्या.

धूर विरल्यावर फडकी काढून त्यांनी बादलीत भिजत घातली. काय मनात आलं कोण जाणे, पाचवं मात्र वेगळ्या पातेल्यात भिजवलं. ते रोज धुतलेलं, या वेळी घातलेलंही नव्हतं, नुसतं हातात होतं. तरी पिळल्यावर पाणी गढूळ झालं. थोड्या वेळानं पाण्यातलं खाली बसलं, तांबडा-काळा गाळ, बोटानं ओढला तर रेघ उठेल एवढा. तीस दिवस, साठ वेळा. एवढं सगळं त्यांनी मोरीतून वाहवून दिलं होतं.

मुलगा पाळीवरून आला तेव्हा काकूंनी त्याला सगळं सांगितलं. तो बूट काढता काढता थांबला.

‘‘हिला सांगितलंस?’’

‘‘अजून नाही. भाजी आणायला गेलीय.’’

त्यानं दुसरा बूट काढला, जोडून ठेवला. ‘‘नको सांगूस मग.’’

‘‘अरे, पण...’’

‘‘आई, तू काही मुद्दाम केलं नाहीस. झालं ते झालं. आकडा कमी येईल, अर्ज फाईल होईल, भट्टी चालू राहील. चारशे माणसं आहेत तिथं.’’

‘‘आणि पोरगी?’’

‘‘पोरगी मावशीकडे जाईल. मावशी काय वैरीण आहे? आपण सुट्टीत जात जाऊ.’’ त्याचा आवाज बारीक झाला होता. ‘‘बाबा गेले तेव्हा भट्टी बंद पडली असती तर तुला बरं वाटलं असतं?’’

 निळ्या आभाळाचे ते तीन महिने काकूंना आठवले, रोज सकाळी कारखान्याच्या विझलेल्या चिमण्यांकडे बघणारे यजमान आठवले. मुलगा खोटं बोलत नव्हता. त्याच्याही कॉलरवर आतून तीच तांबडी रेघ होती, काकू दर रविवारी ती ब्रशनं घासत.

त्या आत जाऊन नातीच्या कॉटपाशी बसल्या. शाळेतून आल्यापासून पोरगी निजून होती. नाक चोंदलेलं, त्यामुळे तोंड उघडं टाकून श्वास घेत होती. घशातून बारीक शिटी वाजत होती. काकू त्या उघड्या तोंडाकडे बघत राहिल्या. सगळं घर झाकून झालं होतं, पिंप, परात, बादली, कोरफड. त्यांचा हात आपोआप पदराकडे गेला आणि तिथंच राहिला. या तोंडावर काय घालणार?

सुनेनं पिशवी खाली ठेवली तेव्हा काकूंनी ओलं फडकं तिच्यासमोर टेबलावर पसरलं.

‘‘हे मी बरणीवर घालत होते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दोन्ही वेळा. मला माहीत नव्हतं.’’

सुनेला आधी समजलंच नाही. मग समजलं. ती खुर्चीवर बसली. तिच्या तोंडावर राग आला, गेला, परत आला.

‘‘तुम्हाला माहीत नव्हतं म्हणजे काय, आई? हातानं घालत होता ना?’’

‘‘हातानंच. हाताला कुठं विचारते मी.’’

‘‘तीनशे बारा लोकांना मी काय सांगू? माझ्या सासूबाईंनी झाकून ठेवली म्हणून सांगू?’’

‘‘हो. तसंच सांग.’’

सून हसली, पण ते हसू नव्हतं. मुलगा दारात उभा होता.  तो आत जाऊन पोरीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करून आला.

दुसऱ्या दिवशी सासू-सुना कचेरीत गेल्या. नमुनेवाला टेबलाशी बसून डबा खात होता. त्यानं काकूंचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं, डब्याचं झाकण लावलं आणि चष्मा पुसला.

‘‘वीस वर्षांत बरणीत कबुतर पडलेलं पाहिलं,’’ तो म्हणाला. ‘‘कुणी उरलेला चहा ओतलेला पाहिला. कारखान्याच्या माणसांनी रात्रीत पाणी बदललेलं पाहिलं. पण इतक्या मायेनं कुणी झाकून ठेवलेली पाहिली नव्हती.’’

‘‘चेष्टा करू नका,’’ सून म्हणाली.

‘‘चेष्टा नाही. लिहावं लागेल. नमुना बाद, कारण अमुक. तुमच्या घरातल्या माणसाकडून झालं हेही लिहावं लागेल. कारखान्याचा वकील ते वाचून दाखवेल, लोक तुम्हालाच हसतील.’’

‘‘हसू देत,’’ काकू म्हणाल्या. ‘‘कुठं सही करू?’’

त्यानं कागद पुढे केला. काकूंनी सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत सही केली. नमुनेवाल्यानं पुन्हा बरणी ठेवायचं कबूल केलं, पण मग भिंतीवरच्या तक्त्याकडे बघून मान हलवली.

‘‘एक सांगून ठेवतो. पुढच्या महिन्यात वारा फिरतो. धूर निम्मे दिवस पलीकडे जातो. खरी मोजली तरी धूळ मर्यादेच्या वर जाईलच असं नाही.’’

‘‘मग थांबूया का, वारा परत येईपर्यंत?’’ सुनेनं विचारलं.

‘‘तोवर हिवाळा संपलेला असेल. आणि जागाही दुसरी बघावी लागेल. त्याच गच्चीवर परत ठेवायची म्हणजे वरचे साहेब विचारतील.’’

‘‘त्याच गच्चीवर ठेवा,’’ काकू म्हणाल्या. ‘‘दुसरीकडे ठेवाल तर तिथलीही बाई झाकेल. तिला तर आठवणारही नाही.’’

नमुनेवाल्यानं वही पुढे ओढली. त्याच गच्चीच्या नावानं त्यानं नव्या बरणीची नोंद केली.

वसाहतीत व्हायचं ते झालं. बातमीवाली वहिनी संध्याकाळपर्यंत चारही इमारती फिरून आली. पाण्याच्या नळावर कुणीतरी म्हणालं की म्हातारी कारखान्याला फितूर होती. कुणीतरी म्हणालं की नाही, सूनच फितूर, म्हातारीचं नाव पुढे केलं. एका बाईनं सुनेकडे येऊन आपली सही परत मागितली. पण रात्री जेवणं झाल्यावर बातमीवाली वहिनी स्वतः वर आली, दारातच उभी राहिली.

‘‘काकू, खरं सांगू? मी घरी जाऊन बघितलं. आमच्या यांच्या ऑक्सिजनची नळी आहे ना, कोपऱ्यात काढून ठेवलेली, तिच्यावरही मी फडकं घालून ठेवलंय. कधीपासून, देव जाणे.’’

तिच्या बोलण्यात पहिल्यांदाच चेष्टा नव्हती. काकूंनी तिला बस म्हटलं, पण ती बसली नाही.

तिसऱ्या दिवशी तिकाटण्यावर नवी बरणी आली. नमुनेवाला गेला. मुलगा त्या दिवशी सकाळच्या पाळीला होता, तो पाचनंतर घरी आला आणि गच्चीवर एक नजर टाकून आंघोळीला गेला. नातीची बॅग पुन्हा माळ्यावर गेली नव्हती. कॉटखाली उभी होती, रिकामी, चालू चेनची.

साडेपाचला भोंगा झाला. काकूंनी खुंटीवरून फडकी काढली. मोजून घेतली, पाच. एक पिंपावर. एक परातीवर. एक बादलीवर. एक कुंडीवर. पाचवं घेऊन त्या बरणीपाशी आल्या. हात वर गेलाच. त्यांनी तो खाली आणला. मग पाचवं फडकं दुमडून चौपदरी केलं, तिकाटण्याशेजारी जमिनीवर ठेवलं आणि गुडघे धरून त्यावर बसल्या. आता फडकं काढायचं तर आधी उठावं लागणार होतं, आणि या वयात उठायचं म्हणजे विचार करावा लागतो.

शेडच्या छपरावर लाली आली. मग लोट निघाला. वारा अजून फिरला नव्हता.

‘‘आई, आत या,’’ सून बंद खिडकीच्या काचेमागून म्हणाली. आवाज आला नाही, ओठ हलले तेवढं कळलं. तिच्या कमरेशी नातीचं डोकं होतं.

काकूंनी हातानं नको म्हटलं. वरून बारीक बारीक उतरू लागलं. मांडीवर, चष्म्यावर, हाताच्या पाठीवर. बरणीच्या काठावर तांबूस कड धरत होती. काकूंचे हात एकमेकांना घट्ट धरून पदराखाली बसले होते, आणि काकू त्यांच्याकडे लक्ष ठेवून होत्या. असे तीस दिवस काढायचे होते. रोज दोनदा.

गच्चीचं दार वाजलं. मुलगा बाहेर आला, ओल्या केसांचा, नुकतीच आंघोळ केलेला. तो तिकाटण्याच्या दुसऱ्या बाजूला कठड्याला टेकून उभा राहिला. आत चल म्हणाला नाही. थोड्या वेळानं त्यानं नुसतं विचारलं, ‘‘चहा आणू?’’

‘‘आण,’’ काकू म्हणाल्या. ‘‘झाकून आण.’’